चार नंबरची विहीर

रेजिना टीचरने वाचनालयातला कॉम्प्युटर सुरू केला आणि निळ्या पडद्यावर खिडकीचं चित्र आलं. पंधरा वर्षांत तिथे खिडकी कधी आली नव्हती. तिथे यायचा तो टीचरच्या वाडीतल्या विहिरीचा फोटो. टीचरने चष्मा काढून पुसला, परत लावला. खिडकी जागच्या जागी होती.

“केनी,” त्यांनी हाक मारली, “माझा कॉम्प्युटर कुठे गेला?”

श्रीपत केनी हे उमेळे गावच्या या वाचनालयाचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हे, पण उत्साही. आणि उत्साही माणूस अध्यक्ष झाला की गावाने जरा जपून राहावं.

“समोरच तर आहे, टीचर. विकीने साफ करून दिला. त्याचं एव्हरशाईन सिटीत कॉम्प्युटरचं दुकान आहे ना. तुमचं ते लिनक्स पोरांना वापरता येत नव्हतं. आता बघा, विंडोज टाकलंय, एकदम नवा.”

“साफ म्हणजे?”

“साफ म्हणजे साफ. सगळं पुसून.”

टीचरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला राग आवाज चढवून दाखवावा लागत नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या आणि केनींनी हातातलं वर्तमानपत्र आपोआप खाली ठेवलं.

विकीने जे साफ केलं होतं ते असं. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की रेजिना टीचर पिशवीत बाटल्या घेऊन गावातल्या विहिरींवर फिरायच्या. प्रत्येक विहिरीचं पाणी बाटलीत घ्यायचं, त्यात क्षार मोजायचं मीटर बुडवायचं, आकडा लिहायचा. पाचशेच्या आत पाणी गोड, हजाराच्या वर गेलं की केळीची पानं कडेने जळायला लागतात. पंधरा वर्षांत ताप असो, पाऊस असो, नवरा गेला तो आठवडा असो, रविवार चुकला नाही. लोक हसायचे. टीचर निवृत्त झाल्या, आता विहिरींची परीक्षा घेतात म्हणायचे. दर वर्षाची एक फाईल, अशा पंधरा फायली या कॉम्प्युटरमध्ये होत्या.

आणि येत्या गुरुवारी त्याच फायलींवर गाव उभं राहणार होतं. वाड्या विकत घेऊन तिथे सात टॉवर बांधायचा एका बिल्डरचा बेत होता, आणि टॉवरला पाणी पुरवायला खोल बोअर. त्याच्या अहवालात लिहिलं होतं की या भागातलं पाणी मुळातच खारं आहे, तेव्हा बोअर मारल्याने कोणाचंही नुकसान नाही. मुळातच खारं! ज्या विहिरींवर चार पिढ्या केळी, पानवेली आणि सोनचाफा पोसला, त्यांच्याबद्दल शहरातल्या थंड खोलीत बसून कोणीतरी हे वाक्य लिहिलं होतं. गावाने हरकत घेतली होती, सुनावणी लागली होती, आणि पुरावा म्हणजे टीचरचे आकडे.

“टीचर, बॅकअप असेल ना?” केनी आता हळू आवाजात बोलत होते.

बॅकअप होता. टीचरच्या घरी मे महिन्यात आगोट भरायची रीत अजून चालू होती. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी म्हणून सुके बोंबील, मसाल्याच्या बाटल्या, कांदे, तांदूळ सगळं भरून ठेवायचं. त्याच बेगमीत टीचर कॉम्प्युटरचा पूर्ण बॅकअपही धरायच्या. पूर्ण म्हणजे नुसत्या फायली नव्हेत. अख्खा कॉम्प्युटर, त्याच्या सगळ्या सवयी, कोणाची कुठली फाईल, कोणत्या तारखेची, हे सगळं एका गाठोड्यात बांधायचं आणि ते गाठोडं एका बाहेरच्या डिस्कवर ठेवायचं. मग ती डिस्क मलमलीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरायची. खाडीवरच्या दमट हवेत लोखंड टिकत नाही, पण तांदूळ ओल पिऊन घेतो. शेवटचं गाठोडं गेल्या मेमधलं होतं. त्यानंतरचे आठ महिने गेले ते गेलेच, पण मागची सगळी वर्षं डब्यात शाबूत होती.

टीचरने डिस्क आणली खरी, पण त्याच संध्याकाळी नणंद गेल्याचा निरोप आला. मयताला जाणं भाग होतं. “केनी, ही कपाटात ठेवा,” त्यांनी बजावलं. “हात लावू नका. बुधवारी येऊन मी स्वतः बसवते.”

केनींनी मान डोलावली. पण चूक आपली, तर निस्तरायचीही आपणच, असं त्यांच्या उत्साहाने ठरवलं. मंगळवारी त्यांनी विकीला बोलावलं. विकीने डिस्क नाकाशी धरून “अंकल, इससे तो बोंबील का बास आ रहा है” असं म्हणत गाठोडं उघडलं, वाचनालयाच्या फोल्डरातल्या पंधरा फायली बाहेर ओढल्या, एकेक उघडून आपल्या पद्धतीने नव्या केल्या, रंगीत रकाने काढले, पेनड्राईव्हवर घातल्या आणि छापूनही दिल्या. बुधवारी टीचर परत आल्या तेव्हा केनी कागदांचा गठ्ठा घेऊन दारातच उभे होते. टीचरने कागद बघितले. आकडे बरोबर होते. वेळ उरला नव्हता. त्यांनी दात आवळले आणि कागद, पेनड्राईव्ह पिशवीत टाकले.

गुरुवारी बिल्डरच्या वकिलांनी तो पेनड्राईव्ह आपल्या लॅपटॉपला लावला आणि पडदा सुनावणी घेणाऱ्या साहेबांकडे वळवला.

“साहेब, पंधरा वर्षांची नोंद म्हणतात. आणि या पंधराही फायलींवर तारीख कुठली, तर परवाच्या मंगळवारची. दुपारी तीन ते साडेचार. बाईंनी दीड तासात पंधरा वर्षं लिहिली.”

मागच्या बाकांवरून कोणीतरी हसलं. ज्या बाईने उभ्या जन्मात कुणाला अर्धा गुण फुकट दिला नाही, तिला चारचौघांत खोटारडी म्हटलं जात होतं, आणि तेही विकीच्या रंगीत रकान्यांमुळे.

वकील थांबायला तयार नव्हते. “बरं, आकडे खरे धरू. हे बघा, दोन हजार बारापासून सोळापर्यंत पाणी खारं होत गेलंय. तेव्हा आमच्या अशिलाची तिथे एक वीटही नव्हती. म्हणजे पाणी आपोआप खारं होतं. आमचा अहवाल तेच सांगतो. आणि आणखी एक. विहिरींना नंबर आहेत. एक, दोन, तीन, आणि मग एकदम पाच. चार नंबर कुठे आहे?”

टीचर म्हणाल्या, “ती वापरात नाही.”

सुनावणीचे साहेब वयस्कर होते, कंटाळलेले होते, पण ऐकणारे होते. त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली. नोंद ज्या कॉम्प्युटरवर झाली तो कॉम्प्युटर, होता त्या स्थितीत, इथे आणून सुरू करून दाखवा, म्हणाले. कागद नकोत.

शनिवारी सकाळी टीचरने वाचनालयाचं दार आतून लोटलं. आत केनी होते, चहा करण्यापुरते. विकीही आला होता. त्याला बघायचं होतं.

“टीचर, पूरा सिस्टिम ऐसे वापस नहीं आता. नवीन टाकावं लागतं.”

“तू बस आणि बघ,” टीचर म्हणाल्या. “आणि कशालाही हात लावायचा नाही.”

त्यांनी एका पेनड्राईव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला, म्हणजे रिकामं घर झाडावं तशी आतली डिस्क मोकळेपणाने पुसता येते. विकीची खिडकी पुसली. रिकाम्या डिस्कचे पूर्वीसारखे भाग पाडले. मग बाहेरची डिस्क जोडली आणि गाठोडं सोडायचा हुकूम लिहिला. प्रत्येक फाईल ज्याची होती त्याच्याच नावावर, जशी होती तशीच, जुन्याच तारखेनिशी उतरव, असं त्या एका ओळीत बजावलेलं होतं. ती ओळ त्यांनी तीनदा वाचून मग बटण दाबलं.

पडद्यावरून नावं धावायला लागली. विकी आधी उभा होता, मग स्टुलावर बसला. केनींचा चहा ओट्यावर गार झाला. सवा तासाने नावं थांबली.

पण कॉम्प्युटर बंद करून सुरू केला तर तो अर्ध्यात अडला. काळ्या पडद्यावर चार ओळी आणि एक चमकणारी रेघ.

“बोला था मैंने,” विकी म्हणाला.

टीचरने त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी त्या चार ओळी वाचल्या आणि स्वतःवरच चरफडल्या. डिस्कला तिचा एक नंबर असतो आणि सुरू होताना कॉम्प्युटर आपल्याजवळच्या चिठ्ठीत तो नंबर बघून डिस्क शोधतो. नव्याने भाग पाडल्यावर नंबर बदलला. गाठोड्यातून उतरलेल्या चिठ्ठीत मात्र जुनाच लिहिलेला. माणूस घरी आला होता आणि जुन्या पत्त्यावर दार ठोठावत होता. त्यांनी पुन्हा पेनड्राईव्ह लावला, चिठ्ठीतला नंबर बदलला, डिस्कवरून सुरुवात करून देणारा छोटा प्रोग्रॅमही नव्याने बसवला आणि परत बटण दाबलं.

या वेळी पडद्यावर विहीर आली. दगडी काठ, लोखंडी रहाट आणि मागे केळीचा लोंगर.

विकी उठून जवळ आला. मग म्हणाला, “टीचर, मला शिकवाल का?”

“आधी न विचारता पुसू नये, एवढं शिक. बाकीचं सोपं आहे.”

पंधरा फायली जागेवर होत्या. दोन हजार अकराची फाईल त्या वर्षीच्या डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी मिटलेली, दोन हजार बाराची त्यापुढच्या वर्षीच्या. केनींनी त्या तारखा बोट लावून वाचल्या आणि डोळे पुसले. मग ते आणि विकी जेवायला गेले. टीचर एकट्याच राहिल्या, आणि तेव्हा त्यांना दुसरा एक फोल्डर दिसला. त्यांच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात, ‘घर’ नावाचा.

तो त्यांनी गेल्या ऑगस्टमध्ये स्वतःच्या हाताने पुसला होता. पण गाठोडं मेमध्ये बांधलेलं. मेमध्ये तो होता. अख्खा कॉम्प्युटर परत आणला की सगळंच परत येतं; हवं तेवढंच निवडून घ्यायची सोय त्यात नसते.

मागचं दार वाजलं. त्यांचा धाकटा भाऊ ब्रायन आत आला. दोघांच्या वाड्या शेजारी, मधे एक विहीर, बापाने दोघांच्या नावे केलेली. चार नंबरची.

“बाय, केनी सांगत होता सगलं परत आलं.” तो पडद्याकडे बघत होता. “तेपन आलं?”

“आलं.”

त्या फोल्डरात काय होतं ते दोघांनाच ठाऊक होतं. दोन हजार अकरा ते सोळा, सहा वर्षं, ब्रायनने त्या विहिरीतून टँकर भरले. आधी दिवसाला चार, मग आठ, मग बारा. रेल्वेपलीकडे नव्या इमारतींना पाणी हवं होतं. मोजल्याशिवाय चैन न पडणाऱ्या बहिणीने फाटकातून गेलेला प्रत्येक टँकर लिहून ठेवला आणि रविवारी विहिरीचा आकडाही. तीनशे वीस. सहाशे. अकराशे. एकवीसशे. गावात सगळ्यांत आधी खारी झाली ती यांची विहीर, तिच्यामागून तीन आणि पाच नंबरच्या. शेवटी टँकर बंद झाले ते पाणी खारं झाल्यावर टँकरवाल्यांनाच नकोसं झालं म्हणून, भावाबहिणीला सुबुद्धी झाली म्हणून नव्हे. आणि नंतरच्या वर्षांत तीन आणि पाच नंबरचे आकडे हळूहळू खाली उतरत गेले. तेही लिहिलेलं होतं.

“खोडून टाक,” ब्रायन म्हणाला.

“एकदा खोडलं होतं. तू सांगितलंस म्हणून.”

“मंग परत खोड. त्यात काय?”

“खोडलं की बाहेरच्या फोल्डरवर आजची तारीख पडते. तो वकील आता तारखाच बघणार.”

“तारीख बदलता येत नाही?”

बदलता येत होती. एका ओळीचं काम. कुठल्याही फाईलवर हवी ती तारीख घालता येते, हे साहेबांना माहीत नव्हतं, वकिलांना नव्हतं, विकीलाही नव्हतं. त्या खोलीत जुन्या तारखांना पुरावा मानलं जाणार होतं, आणि त्या तारखा रेजिना टीचरच्या एका बोटावर होत्या. इतके दिवस अन्यायाने जळत होत्या त्या याच तारखांसाठी. आता त्यांच्या लक्षात आलं की तारखेत काही नसतं. लिहिणारा खरा असेल तर तारीख खरी.

“येते,” त्या म्हणाल्या.

“मंग कर ना. तुझंच नाव जाईल, बाय. गाव थुंकेल आपल्यावर. मी पानी विकलं ते काय चैन करायला? मेलिसाला नर्सिंगला घातलं. आनी त्या बिल्डिंगीतल्या लोकांना पानी नको? ती काय मानसं नाहीत?”

“माणसंच आहेत. आणि विहिरीजवळ राहणारीही माणसंच आहेत. शेजारच्या फ्रान्सिसची केळी जळाली तेव्हा तो आपल्याकडेच विचारायला आला होता, टीचर, हे कशाने झालं असेल. तू माझ्या शेजारी उभा होतास. मी त्याला म्हटलं, पाऊस कमी झाला. पावसाचं नाव घेतलं मी. पाऊस त्या वर्षी चांगला झाला होता, ब्रायन.”

ब्रायनने तोंड फिरवलं.

“मला किती राग आलाय माहीत आहे तुला?” टीचरचा आवाज पहिल्यांदा चढला. “बिल्डरचा आला, त्या वकिलाचा आला, केनीचा, विकीचा. आठ दिवस मी रागाने जेवले नाही. सगळ्यांनी माझं पुसलं म्हणून. आणि त्याआधी मीच पुसून बसले होते. वकिलाने चार नंबर विचारला तेव्हा मी साहेबांसमोर खोटं बोलले. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं वर्गात शिकवायचे मी. आणि आडात होतं ते मीच दाबून ठेवलं.”

“मी कोन तुला सांगनार,” ब्रायन म्हणाला. “पन मला तिथे उभा करू नको.”

“तुझं नाव मला घ्यावं लागेल.”

तो निघून गेला. दार त्याने आपटलं नाही, नुसतं लोटलं, आणि त्याचंच टीचरला जास्त वाईट वाटलं.

शुक्रवारी केनींनी आणि विकीने कॉम्प्युटर रिक्षातून नेला. साहेबांच्या टेबलावर तो सुरू झाला, विहीर आली. वकिलांनी तारखा बघितल्या, पुन्हा बघितल्या, आणि मग त्यांना बोलण्यासारखं एकच उरलं.

“चार नंबर?”

“आहे,” टीचर उठून उभ्या राहिल्या. “मागच्या वेळी मी वापरात नाही म्हणाले. ते खोटं होतं. ती नोंद मी गेल्या ऑगस्टमध्ये पुसली होती. बॅकअपमधून परत आली आहे. उघडून दाखवते.”

केनींनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

टीचरने फोल्डर उघडला. एका बाजूला टँकर, दुसऱ्या बाजूला आकडे, सहा वर्षं. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. वकील वाचता वाचता हसरे झाले.

“म्हणजे, बाई, गावच्या विहिरी तुमच्याच कुटुंबाने खाऱ्या केल्या?”

“हो. माझ्या भावाने पाणी उपसलं. मी मोजलं आणि गप्प बसले.” टीचरने दोन्ही हात टेबलावर टेकले. “तुम्ही मागच्या वेळी म्हणालात, बारा ते सोळा पाणी आपोआप खारं झालं. आपोआप काही झालं नाही. उपसा वाढला तसं खारं झालं, उपसा थांबला तसं शेजारच्या विहिरींचं उतरलं. एका विहिरीतून दिवसाला बारा टँकर गेले, त्याने हे झालं. आता तुमच्या सात टॉवरचे बोअर दिवसाला किती टँकर ओढणार, तेवढं साहेबांना सांगा.”

वकिलांनी कागद चाळले. तो आकडा त्यांच्याच अहवालात होता, तिसऱ्या पानावर. त्यांनी तो वाचला नाही. साहेबांनी हात पुढे करून अहवाल घेतला आणि स्वतः वाचला. मग आपल्या टिपणात बराच वेळ लिहीत राहिले.

“विहिरीचे दुसरे मालक हजर आहेत का?” त्यांनी मान वर न करता विचारलं. “यावर त्यांची सही लागेल.”

टीचर नाही म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात मागच्या बाकावरचा माणूस उठला. घरातून निघताना टीचरने हाक मारली तेव्हा त्याचं दार बंद होतं. तो केव्हा येऊन बसला ते कोणी पाहिलं नव्हतं. गावातले लोक वळून त्याच्याकडे बघत होते. त्यांत फ्रान्सिसही होता, आणि त्याच्या नजरेला नजर न देता ब्रायन त्याच्यासमोरून टेबलापर्यंत चालत गेला.

“हाय मी,” तो म्हणाला. “कुठे करू सही?”